विणायचं आत, विकायचं बाहेर: वेबसाइट वेगवान आणि सुरक्षित कशी राहते

सोलापुरातल्या व्यावसायिकांकडून एक तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. गूगलवर आपल्या फर्मचं नाव शोधावं, तर टॉवेल-चादरींच्या जागी जपानी लिपीतली वाक्यं किंवा रमी-सट्ट्याच्या जाहिराती येतात. साइट थेट उघडून पाहिली तर सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून मालकाला वाटतं की गोंधळ गूगलचाच असेल. तसं नसतं. साइटमध्ये कोणीतरी शिरलेलं असतं आणि त्यानं अशी व्यवस्था केलेली असते की मालकाला नेहमीचं पान दिसावं, सर्च इंजिनला मात्र जुगाराचं. आपल्याकडच्या सरकारी आणि शैक्षणिक संस्थांच्या वेबसाइट्सही याला बळी पडल्या आहेत.

दुसरी तक्रार वेगाची. एरवी साइट बरी चालते, पण जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत लोक एकाच वेळी माहिती शोधायला लागले की ती गुदमरते. कॉलेजच्या निकालाच्या दिवशीही हेच होतं.

या दोन तक्रारींसाठी लोक दोन वेगळ्या माणसांकडे जातात, एकाकडे सुरक्षेसाठी, दुसऱ्याकडे वेगासाठी. माझं म्हणणं असं आहे की बहुतेक छोट्या वेबसाइट्सच्या बाबतीत दोन्हींचं मूळ एकच असतं. वाचक आल्यावर साइट गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत बसते.

## सीएमएस म्हणजे काय

पूर्वी वेबसाइटचं प्रत्येक पान हातानं लिहावं लागे. पत्ता बदलला तरी जाणकार माणूस शोधावा लागे. कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सीएमएस, यांनी ती अडचण सोडवली. लॉगिन करायचं, मजकूर लिहायचा, फोटो चढवायचा, ‘प्रकाशित करा’चं बटण दाबायचं. द्रुपल 2001 मध्ये आलं, वर्डप्रेस 2003 मध्ये, जुमला 2005 मध्ये. यातलं वर्डप्रेस इतकं पसरलं की आज जगातल्या दर पाच वेबसाइट्सपैकी दोनांहून थोड्या जास्त त्यावर चालतात.

आत काय चालतं ते समजायला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा चादरीचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. मागे यंत्रमाग, पुढे रस्त्याच्या बाजूला विक्रीचं दुकान. सीएमएसमध्ये मजकूर ज्या कप्प्यांत साठवतात तो डेटाबेस म्हणजे सुताचं गोदाम. साइटचं रूप ठरवणारी थीम म्हणजे जकार्डची नक्षी. सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकावर, चालणारा प्रोग्रॅम म्हणजे माग. वाचकाच्या फोनवर पोचतं ते पान म्हणजे विणून झालेली चादर.

आता गंमत बघा. तुम्ही काही केलं नसेल, तर ही साइट प्रत्येक वाचकासाठी नवी चादर विणते. कोणी ‘आमच्याविषयी’ या पानावर टिचकी मारली की प्रोग्रॅम जागा होतो, गोदामातून सूत काढतो, नक्षी लावतो, पान विणतो, हातात देतो आणि विसरून जातो. पुढच्याच क्षणाला दुसरा माणूस तेच पान मागतो, आणि माग पुन्हा पहिल्यापासून सुरू. दोन वर्षांत एक अक्षरही बदललेलं नाही अशा पानासाठी! कुठलाही चादरवाला गिऱ्हाईक दारात आल्यावर माग चालू करत नाही. माल आधी विणून फळीवर ठेवलेला असतो.

## फळीवरचा तयार माल

वेबसाइटच्या बाबतीत या फळीला कॅश म्हणतात. पान एकदा तयार झालं की त्याची प्रत ठेवायची आणि पुढच्या सगळ्यांना तीच द्यायची. आणखी एक पाऊल पुढे गेलं की स्टॅटिक साइट होते. मजकूर बदलतो तेव्हाच सगळी पानं तयार करायची आणि बाहेरच्या सर्व्हरवर फक्त तयार फाइल्स ठेवायच्या. ह्युगोसारखी साधनं मुळातच असं काम करतात. वर्डप्रेस आत ठेवून बाहेर फक्त तयार पानं काढणारे प्लगइनही, म्हणजे वरून जोडायचे लहान प्रोग्रॅमही, मिळतात.

हिशेब करून पाहा. समजा एक पान विणायला सर्व्हरला अर्धा सेकंद लागतो आणि एका वेळी त्याला दोन पानं विणता येतात. म्हणजे सेकंदाला चार वाचक. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची वेळ किंवा वाहतुकीतले बदल पाहायला एकाच मिनिटात हजार माणसं आली, तर 240 जणांना पान मिळेल आणि उरलेले गोल फिरणारं चक्र बघत बसतील. फाइल तयार असेल तर तोच साधा सर्व्हर सेकंदाला शेकडो, बऱ्याचदा हजारो प्रती देऊ शकतो. महागडं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, घेण्याआधी ही एक गोष्ट करून पाहावी, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो.

सुरक्षेचा भाग इथेच येतो. दुकानात तयार माल असेल तर मागाच्या खोलीचं दार रस्त्याकडे उघडं ठेवायची गरजच नसते. वाचकाला तयार फाइल मिळते. प्रोग्रॅमपर्यंत आणि डेटाबेसपर्यंत त्याचा हात पोचत नाही. लॉगिनचं पान वेगळ्या पत्त्यावर, ठरावीक माणसांनाच उघडेल असं ठेवता येतं. शिरायची जागाच कमी झाली की शिरकावही कमी होतो.

## भाव बदलला तर जुनाच दिसणार ना?

शंका रास्त आहे, आणि अर्धवट लावलेल्या कॅशमुळे असं घडतंही. उपाय असा की मजकूर बदलताच त्या पानाची जुनी प्रत आपोआप फेकली जावी. याला कॅश रिकामी करणं म्हणतात आणि चांगल्या मांडणीत ते ‘प्रकाशित करा’च्या बटणालाच जोडलेलं असतं. त्या पानाची जुनी प्रत फेकली, पण मुख्य पानावरची यादी, विभागाची यादी आणि शोधाची पानं यांच्या प्रती फेकायच्या राहिल्या, तर गोंधळ होतो. बहुतेक ‘माझ्याकडे जुनंच दिसतंय’ तक्रारी इथून निघतात.

पण प्रत्येक गोष्ट तयार ठेवता येत नाही. खरेदीची यादी, विद्यार्थ्याचं गुणपत्रक, सभासदाचं खातं ही ज्याची त्याची पानं. त्यांची प्रत चुकूनही फळीवर जाता कामा नये. 25 डिसेंबर 2015 रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानात कॅशची मांडणी चुकली आणि एकाच्या खात्याची पानं दुसऱ्याला दिसू लागली. सुमारे 34 हजार लोकांची माहिती त्यात गुंतली होती. म्हणून नियम सरळ ठेवावा: लॉगिन केलेल्या माणसाचं पान कॅशमध्ये नाही. साइटचा असा जिवंत भाग जितका लहान आणि बाकीच्या पानांपासून वेगळा, तितका तो सांभाळायला सोपा. पैसे घेण्याचं काम पेमेंट गेटवेवर सोपवावं. कार्डाचा तपशील आपल्याकडे साठवायला 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेची मनाईच आहे.

## आमच्या साइटवर चोरण्यासारखं आहे काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. तुमची साइट कोणी निवडून फोडत नाही. इंटरनेटवर सतत फिरणारे प्रोग्रॅम, ज्यांना बॉट म्हणतात, ते दिसेल त्या साइटचं दार ढकलून पाहतात. तुम्ही दमाणी नगरात टॉवेल विकता की न्यूयॉर्कमध्ये घड्याळं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना हवं असतं ते तुमचं नाव, म्हणजे गूगलला विश्वासार्ह वाटणारा जुना पत्ता, आणि तुमच्या सर्व्हरची ताकद. जुगाराच्या जाहिराती चिकटवायला आणि लाखो फसवे ईमेल पाठवायला तेवढं पुरतं.

हे किती झपाट्यानं होतं ते 2014 साली दिसलं. द्रुपलमधली एक गंभीर त्रुटी 15 ऑक्टोबरला, आपल्याकडे रात्री साडेनऊच्या सुमारास, दुरुस्तीसह जाहीर झाली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्याच सुरक्षा गटानं सांगितलं की ज्यांनी पहिल्या सात तासांत दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट फोडली गेली असंच धरून चालावं. म्हणजे आपल्या घड्याळानं पहाटे साडेचारपर्यंतच मुदत होती, आणि तेवढ्यात सगळं गाव झोपेत. 2017 च्या फेब्रुवारीत वर्डप्रेसमधल्या एका त्रुटीतून पंधरा लाखांवर पानांचा मजकूर बदलला गेला. त्याची दुरुस्ती जानेवारीच्या अखेरीसच निघाली होती. नुकसान झालं ते अपडेट न केलेल्यांचं.

आज वर्डप्रेसचा मूळ गाभा पुष्कळ भक्कम आहे. त्रुटी बहुतांशी सापडतात त्या प्लगइनमध्ये. फॉर्मला एक, फोटो सरकवायला एक, व्हॉट्सअॅपच्या बटणाला एक, बर्फ पडताना दाखवायला एक. प्रत्येक प्लगइन म्हणजे अनोळखी माणसानं लिहिलेला आणि आपल्या आतल्या खोलीत मोकळा फिरणारा प्रोग्रॅम. लिहिणाऱ्यानं काम सोडून दिलं की त्यातली भोकं बुजवायला कोणी उरत नाही. वेगालाही तेच मारक ठरतं, कारण बरेच प्लगइन आपल्या फाइल्स वाचकाच्या फोनवर पाठवतात.

आणि ‘नल्ड’ थीम! विकत घ्यायची थीम किंवा प्लगइन टेलिग्रामवर फुकट मिळतं म्हणून बसवणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. कुलूप तोडून फुकट वाटणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हा प्रश्न तरी विचारावा. अशा फाइल्समध्ये पुष्कळदा मागचं दार आधीच ठेवलेलं असतं. पासवर्ड कितीही कडक ठेवा, त्या दाराला तो लागतच नाही.

## आतल्या खोलीची दारं

वेबसाइट फोडण्याची एक जुनी आणि नेहमीची रीत म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन. साइटवरच्या शोधाच्या चौकटीत वाचक शब्द टाकतो. प्रोग्रॅम तो शब्द एका हुकुमात बसवून डेटाबेसकडे पाठवतो. वाचकानं शब्दाच्या जागी हुकुमाचाच तुकडा लिहिला आणि प्रोग्रॅमनं तो तपासला नाही, तर डेटाबेस तोही इमानदारीनं पाळतो. सगळ्यांचे पासवर्ड दाखव म्हटलं तर दाखवतो. उपाय फार पूर्वीपासून ठाऊक आहे: हुकूम वेगळा पाठवायचा, वाचकाचा मजकूर वेगळा. 2014 ची द्रुपलची त्रुटी याच जातीची होती. त्याचंच दुसरं रूप असं की वाचकानं प्रतिक्रियेत लिहिलेला मजकूर न तपासता पानावर छापला, तर त्यात दडवलेला प्रोग्रॅम दुसऱ्या वाचकाच्या फोनवर चालतो. हे सांभाळणं साइट बनवणाऱ्याचं काम.

मालकाच्या हातातलं काम वेगळं आहे. लॉगिनला दुसरा टप्पा जोडा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरच्या अॅपमधला आकडा. सगळ्या कार्यालयाला मिळून एकच ‘अॅडमिन’ खातं आणि पासवर्डाची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली, हे बंद करा. बातम्या लिहिणाऱ्याला लेखकाचं खातं पुरतं. प्लगइन बसवायची मुभा एका-दोघांनाच असावी. नोकरी सोडलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद व्हावं. आणि फोटो चढवतात त्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅम चालू नये अशी सोय होस्टिंगवाल्याकडून करून घ्या. फोटोच्या नावाखाली प्रोग्रॅमची फाइल चढवणं ही नेहमीची युक्ती आहे.

## पत्त्याजवळ कुलूप दिसतं, मग काळजी कशाची?

त्या कुलपाचा अर्थ एवढाच की वाचकाचा फोन आणि सर्व्हर यांच्यामधला प्रवास गुप्त आहे. वाटेत कोणी पासवर्ड वाचू शकत नाही. ते हवंच, आणि लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून त्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. पण सर्व्हरच्या आत चोर बसला असेल तर त्याच्या हातातला मालही कुलूपबंद गाडीतूनच येतो. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का होता की गूगल क्रोमनं 2023 मध्ये कुलपाचं चिन्ह काढून तिथे साधं सेटिंगचं चिन्ह आणलं.

## अपडेट केलं की साइट मोडते

मोडते, हे खरं आहे. वर्षानुवर्षं हात न लावता एकदम पाच आवृत्त्या ओलांडल्या तर हमखास मोडते. अपडेट लहान आणि वारंवार असावं. वर्डप्रेसमध्ये 2013 पासून सुरक्षेची किरकोळ दुरुस्ती आपोआप बसते, ती बंद करू नका. मोठ्या बदलासाठी साइटची सराव प्रत करून तिथे आधी बसवून पाहा, आणि त्याआधी बॅकअप घ्या. प्लगइन चाळीसऐवजी आठ असतील तर मोडण्याची भीतीही तितकीच कमी.

बॅकअप साइटच्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हर गेला की तोही जातो. एक प्रत दुसरीकडे हवी आणि ती उघडून पाहिलेली हवी. परत बसवून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

## मराठी मजकुराची खास दुखणी

यावर इंग्रजी मार्गदर्शकांत फारसं काही सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिलं दुखणं फॉन्टचं. आपल्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम चाललं. त्यातला मजकूर उचलून सीएमएसमध्ये चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. मग मजकुराचा फोटो काढून तोच साइटवर टाकला जातो. असं पान जड होतं, गूगलला वाचता येत नाही, दृष्टिहीन वाचकाचं यंत्रही ते वाचू शकत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मगच चढवा. त्यानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर चुकतात ते तिथेच.

दुसरं वजनाचं. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. मजकूर दाबून पाठवायची सोय सर्व्हरवर चालू असेल तर हा फरक बराच भरून निघतो. फॉन्टच्या फाइलचं काय करायचं हे मात्र ठरवावं लागतं, कारण जोडाक्षरांमुळे ती इंग्रजीपेक्षा जाड असते. सोलापुरात तर मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही हवं असतं. तीन लिप्यांचे फॉन्ट प्रत्येक पानावर लादू नका. ज्या पानावर जी लिपी आहे तिचाच फॉन्ट उतरेल असं सांगता येतं, आणि तो येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर दाखवता येतो.

तिसरं पानाच्या पत्त्याचं. वर्डप्रेस मथळ्यावरून पत्ता बनवतं. मराठी मथळा पत्त्यात जाताना प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात आणि जागा दोनशेची. म्हणजे साधारण 22 चिन्हांनंतर पत्ता तुटतो, आणि काना-मात्रा-वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. व्हॉट्सअॅपवर तो टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन बसतो. पत्ता दोन-तीन शब्दांचा, हातानं लिहिलेला ठेवावा. साइटवरच्या शोधाचंही असंच आहे. ‘ॲप’मधलं पहिलं अक्षर एकसंध टाइप होतं किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. शोधात दोन्ही एकच मानले जातील असं बनवणाऱ्याला सांगा.

## फोटो आणि अंतर

मोबाइलवर काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. पानावर तो 1200 पिक्सेल रुंदीचा पुरतो, आणि वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात शे-दीडशे केबीत बसतो. सर्व्हर अमेरिकेत असेल तर फोनपासून तिथे जाऊन परत येण्याच्या एका फेरीला पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि पहिलं अक्षर दिसण्याआधी अशा तीन-चार फेऱ्या होतात. गिऱ्हाईक महाराष्ट्रात असेल तर सर्व्हर मुंबईत घ्या. गूगलचं माप असं: पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. ते तपासायला कार्यालयातलं वायफाय नको. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या गावात साध्या फोनवर उघडून पाहा.

## मग स्वतःचंच सीएमएस लिहून घ्यावं का?

शिकण्यासाठी जरूर लिहावं. आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मी हे काम आवर्जून सुचवतो, कारण लॉगिनपासून कॅशपर्यंत सगळं त्यात येतं. पण कारखान्याची साइट त्यावर चालवायची तर प्रश्न वेगळा. तुमचा प्रोग्रॅम फार कोणाला ठाऊक नसल्यानं बॉटांच्या यादीत तो येत नाही, हा फायदा खरा. पण वर सांगितलेलं एसक्यूएल इंजेक्शनचं भोक त्यांना नाव न कळताही सापडतं, आणि ते बुजवायला तो लिहिणारा एकटाच माणूस असतो. तो पुण्याला नोकरीला गेला की साइट पोरकी होते. पानं थोडी आणि बदल क्वचित असतील तर स्टॅटिक साइट घ्या. रोज लिहिणारे चार-पाच जण असतील तर ओळखीचं सीएमएस आत आणि तयार पानं बाहेर.

## किल्ल्या कोणाच्या नावावर?

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, बनवणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. पुढे बिनसलं किंवा त्यानं धंदा बदलला की नाव अडकतं, नूतनीकरण चुकतं, आणि कोणी तिसराच ते विकत घेऊन बसतो. डोमेन आणि होस्टिंग फर्मच्या नावावर, फर्मच्या ईमेलवर घ्या. आजच विचारा.

कायद्याची बाजूही आली आहे. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि सर्व्हरच्या नोंदी 180 दिवस ठेवाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून चौकशीच्या फॉर्ममध्ये नाव आणि फोन पुरत असेल तर जन्मतारीख आणि आधार क्रमांक मागू नका. जे घेतलं आहे ते काम झाल्यावर पुसा. बनवणाऱ्याशी करार करताना अपडेट कोण करणार, बॅकअप कुठे राहणार आणि रात्री साडेनऊला त्रुटी जाहीर झाली तर फोन कोणाला लावायचा, ही तीन उत्तरं लेखी घ्या.